मलइयोचं नाक

मित्रांनो, मी एक म्हातारा ससा आहे. माझं नाव मलइयो. हसू नका. बनारसमध्ये थंडीच्या दिवसांत गल्लोगल्ली मातीच्या कुल्हडात दुधाचा पिवळसर फेस विकायला येतो, त्याला इथे मलइयो म्हणतात. लहानपणी मी तसाच होतो म्हणे, मऊ आणि इतका हलका की फुंकर मारली तर उडून जाईन. आता माझ्या अंगावर हाडं तेवढी हाताला लागतात, पण नाव तेच चालू आहे.

तुम्हा माणसांना सशाचे कान आवडतात. चित्र काढायला बसलात की आधी कानच काढता. पण सशाची खरी दौलत म्हणजे त्याचं नाक. आम्ही तुमच्यासारखा तोंडाने श्वास घेत नाही, नाकानेच घेतो. नाक बंद झालं की सगळंच अडतं. शिवाय काय खावं, काय टाकावं, कोण आपला आणि कोण परका हेसुद्धा आम्ही नाकालाच विचारतो. मी तर डोळ्यांवर कधी विश्वास ठेवला नाही आणि कानांवरही फारसा नाही. स्वभावाने मी थोडा तिरसट आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

रामनगरच्या वासुदेवरावांनी मला चिडीमारांच्या, म्हणजे पाखरं धरून विकणाऱ्यांच्या, बाजारातून आणलं. ते बँकेत नोकरीला होते. मला आणलं ते त्यांच्या मुलीसाठी, सुनीतीसाठी. ती तेव्हा लहान होती. काय माझं कौतुक झालं! गळ्यात रिबीन काय, बाहुलीशी लग्न काय, शाळेतल्या मैत्रिणी मला बघायला रांग लावून उभ्या काय! मग तिची परीक्षा आली, मग नवी सायकल आली आणि मी जिन्याखालच्या खोक्यात राहू लागलो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते काही खोटं नाही. गवत कधी यायचं, कधी यायचं नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला वासुदेवरावांची बहीण आली. तिचं नाव कालिंदीबाई. त्यांनी मला खोक्यातून उचललं आणि म्हणाल्या, "वासू, अरे हा वाळून चाललाय! मी नेते याला." पदरात गुंडाळून त्यांनी मला गंगेपलीकडे, रामघाटावरच्या आपल्या घरी आणलं. माझं नावही त्यांनीच ठेवलं. कालिंदीबाईंना मूलबाळ नव्हतं.

त्यांचे यजमान वेणीमाधव दीक्षित हे अग्निहोत्री. म्हणजे काय, ते सांगतो. त्यांच्या घरात एक अग्नी होता आणि लग्नानंतर तो घेतला तेव्हापासून एकदाही विझला नव्हता. सूर्य उगवताना आणि मावळताना नवराबायकोने मिळून त्यात आहुती द्यायची, असं त्यांचं व्रत होतं. दोघांपैकी एक जण देवाघरी जाईपर्यंत ते सोडायचं नाही. त्यामुळे कालिंदीबाई कुठेही गेल्या तरी दिवे लागायच्या आत घरी परत यायच्या. माहेरी त्या कधी रात्रीच्या राहिल्या नाहीत.

होमाच्या वेळी मी त्यांच्या गुडघ्याला टेकून, गोणपाटाच्या तुकड्यावर बसायचो. होम झाला की दीक्षितजी स्वतःच्या कपाळाला भस्म लावायचे, मग कालिंदीबाई लावायच्या आणि उरलेलं चिमूटभर माझ्या दोन डोळ्यांच्या मधोमध, पार नाकापर्यंत ओढायच्या. घरातल्या प्रत्येकाला भस्म लागायचं आणि मी घरातला होतो. मला त्याचा फार अभिमान होता. आपल्यावाचून होम पुरा होत नाही असंच मी समजून चाललो होतो.

कालिंदीबाईंच्या अंगाला तुपाचा, गोवरीच्या धुराचा आणि भस्माचा वास यायचा. तो वास आला की मी डोळे मिटून खुशाल झोपायचो. इतकी वर्षं त्या वासाच्या आसऱ्याला मी राहिलो आणि सुखाने म्हातारा झालो.

मग मला शिंका येऊ लागल्या. सुरुवातीला घरात त्याची गंमत वाटली. शुभकार्यात शिंक म्हणजे अपशकुन, आणि मी तर नेमका आहुतीच्या वेळीच शिंकायचो! दीक्षितजी कडक माणूस, पण हातात पळी धरून ते थांबायचे, माझी शिंक पुरी होऊ द्यायचे आणि मग आहुती टाकायचे. हळूहळू माझ्या नाकातून पांढरं, चिकट पाणी वाहू लागलं. ते पुसून पुसून माझ्या पुढच्या पायांचे केस चिकटून गेले. श्वास घेताना घरघर वाजायची. कालिंदीबाईंनी जनावरांच्या दवाखान्यातून औषध आणलं. त्याने नाक सुकलं. "झाला बरा माझा राजा," म्हणून त्यांनी औषध थांबवलं आणि थोड्याच दिवसांत दुखणं दुप्पट होऊन परत आलं. असं पुन्हा पुन्हा होत राहिलं. बिचाऱ्या घाबरल्या. देवावर भार टाकून त्या माझ्या नाकाला आणखी जास्त भस्म चोळू लागल्या.

शेवटी एका दुपारी त्या मला टोपलीत घालून पुन्हा दवाखान्यात गेल्या. सुनीती आता कॉलेजात जात होती, तीही बरोबर आली. डॉक्टरांनी माझी छाती तपासली आणि कापसाच्या काडीने नाक साफ केलं. कापूस बाहेर आला तो करड्या रंगाचा.

"ये राख कहाँ से आ रही है?" डॉक्टरांनी विचारलं.

कालिंदीबाई ताठ झाल्या. "राख नहीं, भस्म है, डॉक्टर साहब. हमारे अग्निहोत्र का. दोनों समय लगाती हूँ. बीमार है, तो थोड़ा ज़्यादा लगा देती हूँ."

डॉक्टरांनी तो कापूस त्यांच्यापुढे धरला. मग हळू आवाजात म्हणाले, "नाक के लिए तो राख ही है, माताजी. और ऊपर से रोज़ का धुआँ. इस उमर में बीमारी जड़ से नहीं जाएगी, बस दबी रहेगी. दवा बीच में मत छोड़िए. और इसको धुएँ से दूर, साफ़ हवा में रखिए, नहीं तो नहीं बचेगा."

कालिंदीबाई मला घेऊन घरी आल्या. दारातच त्या दीक्षितजींना म्हणाल्या, "अहो, मीच याला मारत होते. माझ्या हातांनी."

मला वरच्या खोलीत ठेवून पाहिलं. पण धूर वरच चढतो आणि घर चिंचोळं, एका खोलीतला धूर सगळ्या खोल्यांत फिरायचा. माझी घरघर वाढली. एके सकाळी दीक्षितजी म्हणाले, "पंचगंगा घाटावरच्या गुरुजींना विचारून येऊ का? अग्नी शांत करायची काही वाट शास्त्रात निघत असेल तर…"

हा माणूस माझ्यासाठी असं काही बोलेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कालिंदीबाई रडू लागल्या. "नको हो. गुरुजी वाट काढतील आणि तुम्ही आतून मोडाल. एकाचा श्वास मी कोंडलाच आहे, दुसऱ्याचा नाही कोंडायचा. याला वासूकडे पाठवू."

आषाढ लागला होता. सामनेघाट नावाच्या घाटावरून त्या मला मांडीवर घेऊन नावेत बसल्या. नाक तर पूर्ण चोंदलेलं, मला कसलाच वास येत नव्हता. पण त्यांचा आवाज कानावर पडत होता, "भिऊ नको रे, मी येईन हं रोज." वासुदेवरावांच्या घरी मला ठेवून त्या संध्याकाळच्या होमाला परत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून गंगा चढली आणि नावा बंद झाल्या. रामनगरला पक्का पूल अजून झालेला नाही आणि पिंपांवर तरंगणारा पूल पावसाळ्यात काढून ठेवतात. राजघाटाच्या पुलावरून वळसा घालून यावं, तर होमाच्या आत परत पोचता येत नाही. रोज येईन म्हणणारी बाई त्या पावसाळ्यात एकदाही येऊ शकली नाही.

ज्या सुनीतीने मला खोक्यात विसरून टाकलं होतं, तिनेच माझी शुश्रूषा केली. सुई नसलेल्या सिरिंजने दोन्ही वेळा औषध द्यायची. खोलीची दारं लावून पातेल्यातल्या गरम पाण्याची वाफ द्यायची. कोमट पाण्याने माझे पाय धुवायची. मी जेवेना तेव्हा हिरवी दूब, म्हणजे दूर्वा, वाटून थेंब थेंब भरवायची. मी तिला ओरबाडायचो, ती म्हणायची, "गुस्सा कर, पण गिळ." कालिंदीबाई गल्लीतल्या पीसीओवरून फोन करायच्या. मग सुनीती तो रिसीव्हर माझ्या कानाशी धरायची आणि त्यातून आवाज यायचा, "मलइयो, पानं खा रे बाळा."

श्रावण सरता सरता माझं नाक उघडलं! मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. आधी कोथिंबिरीचा वास आला, मग सुनीतीच्या केसांच्या तेलाचा, मग खिडकीबाहेरच्या ओल्या मातीचा. मी मूठभर मुळ्याचा पाला एका बैठकीत संपवला. सुनीतीने आनंदाने घर डोक्यावर घेतलं.

पाणी ओसरलं आणि पहिल्याच नावेने कालिंदीबाई आल्या. आपल्याबरोबर धुराचा कणही येऊ नये म्हणून त्या घाटावर न्हाल्या, भावाच्या घरी येऊन पुन्हा साबण लावून न्हाल्या. स्वतःचं लुगडं दाराबाहेर ठेवून वहिनीची परीटघडीची साडी नेसल्या. केससुद्धा धुतले. मग धावत माझ्या खोलीत आल्या, "मलइयो!"

आवाज कालिंदीबाईंचा होता, पण वास साबणाचा होता. माझ्या लेखी त्या आवाजाला एकतर तुपाचा आणि भस्माचा वास असायचा, नाहीतर फोनच्या रिसीव्हरचा. ही कोण नवी बाई? मी पाय आपटला आणि खोक्यामागे दडलो. त्यांनी उचलायला हात पुढे केला, तेव्हा मी कडकडून चावलो.

त्या तशाच खाली बसल्या. बोटातून रक्त येत होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "ओळखलं नाही गं यानं मला."

"आत्या, तू साबुन लावून आलीस ना, म्हणून त्याला पता नाही लागत," सुनीती म्हणाली. "एकदा घरच्या लुगड्यात ये. झट ओळखेल."

 मग त्यांनी बोट पदरात गुंडाळलं. "आणि तो धूर पुन्हा त्याच्या नाकात घालू? नको. नाही ओळखलं तर नाही ओळखलं. श्वास घेतोय ना, मला तेवढं पुरे."

त्यानंतर त्या बहुतेक रोज दुपारी यायच्या, न्हायच्या, साडी बदलायच्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून बसायच्या. मुळ्याचा पाला हळूच माझ्याकडे सरकवून हात मागे घ्यायच्या. त्यांनी हात मागे घेतला की मी पुढे व्हायचो, पाला ओढून न्यायचो आणि पाठ फिरवून खायचो. परक्या बाईला कसं लांब ठेवलं याची मला शेखी वाटायची. जिच्या कुशीत मी म्हातारा झालो, ती चार हातांवर बसून माझ्याकडे बघत होती आणि मी माझ्या कालिंदीबाईंची वाट बघत होतो. उन्हं उतरली की त्या निमूट उठून नावेकडे जायच्या.

थंडी पडली आणि दुखणं परतलं. औषध एकदाही चुकलं नव्हतं, वाफ चुकली नव्हती, धुराचा लवलेश नव्हता. तरीही परतलं. एका सकाळी सुनीती मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मान हलवली. "फेफड़ों तक उतर गया है, बेटा. दवा बदल देता हूँ, लेकिन उम्मीद मत रखना. जितने दिन है, आराम से रहे." सुनीती रिक्षात बसून माझ्या पाठीवर हात फिरवत होती. 

त्या दिवशी दुपारी माझं नाक पुरतं बंद झालं. कोथिंबीर गेली, तेल गेलं, साबणही गेला. मी मान उंच करून कसाबसा श्वास ओढत होतो. तेवढ्यात दारातून हाक आली, "मलइयो!"

आता मला अडवायला कुठलाच वास नव्हता. फक्त आवाज होता, आणि तो कालिंदीबाईंचा होता. मी खोक्यामागून निघालो. पायांत बळ नव्हतं, मधे दोनदा बसलो. पण खोली ओलांडून गेलो आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मग मला कळलं की इतके दिवस भिंतीशी बसणारी बाई कोण होती.

"सुनीती! अगं बघ! ओळखलं! यानं ओळखलं मला!" कालिंदीबाई हसत होत्या आणि रडत होत्या. "मी म्हटलं नव्हतं, बरा होतोय तो? आज यांना सांगते. पेढे ठेवते देवापुढे."

सुनीती सिरिंज हातात धरून दारात उभी होती. माझ्या मिटलेल्या नाकपुड्या तिला दिसत होत्या. मी आज का ओळखलं हे तिला कळलं होतं. पण तिने डॉक्टरांचं काही सांगितलं नाही. "हो आत्या," एवढंच म्हणाली, आणि सिरिंज धुवायला म्हणून मोरीकडे गेली ती बराच वेळ आली नाही.

मी हे सांगतोय ते त्याच मांडीवरून. आता फार बोलवत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात एखादं म्हातारं जनावर असेल तर त्याचं नाक रोज बघा, ते शिंकलं तर गंमत समजू नका. औषध अर्ध्यावर सोडू नका. आणि तुम्ही मायेने जे द्याल ते त्याला सोसतं का, हे जाणत्याला आधी विचारा.

आणखी एक मागणं आहे. कधी रामघाटाच्या गल्लीत गेलात आणि कपाळाला भस्म लावलेली एक बाई तुम्हाला हरखून सांगू लागली, की आमच्या मलइयोनं जायच्या आधी मला ओळखलं, तर का ओळखलं ते तिला सांगू नका. "हो काकू, ओळखलं," एवढंच म्हणा. ते काही खोटं नाही.