विंचवाचे व्होल्ट

घरातल्या प्रत्येक वस्तूला नाव हवं, असा बाबांचा हट्ट होता. स्टुडिओतल्या डुगडुगत्या तिपाईला ते ‘लंगडी’ म्हणत, पांढऱ्या मोठ्या छत्रीला ‘मावशी’, आणि कपाटातल्या काळ्या, विटेएवढ्या जुन्या फ्लॅशला ‘विंचू’. कारण तो चावायचा. चार्ज झालेला असताना कॅमेऱ्यावर बसणाऱ्या त्याच्या पायाला चुकून बोट लागलं, की कोपरापर्यंत झिणझिण्या. बंद पडलेल्या एका स्टुडिओकडून बाबांनी तो वापरलेलाच घेतला होता, आणि ही खोड तो तिकडूनच घेऊन आला, असं ते हसत सांगायचे.

रविवारी सकाळी हाच विंचू त्यांनी छोटीच्या हातात ठेवला.

छोटी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आईपेक्षा वीतभर उंच, भौतिकशास्त्राची पदवी हातात पडून दोन महिने झालेले, तरी घरात छोटीच. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातल्या तीनशे भुंगेऱ्यांचे फोटो काढायचं काम तिला मिळालं होतं, आणि तिच्या नव्या कॅमेऱ्यावरचा इवलासा फ्लॅश भुंगेऱ्याच्या पाठीवर नुसता पांढरा ठिपका उमटवत होता.

“बाबा, पण हा माझ्या कॅमेऱ्याला चालेल का?”

“न चालायला काय धाड भरलीय? पाय तोच, खाच तीच. सरकवला की बसतो.”

“बसणं वेगळं, चालणं वेगळं.”

“आल्या शास्त्रज्ञबाई!” बाबांनी आईकडे बघून डोळे मिचकावले. “पंचवीस वर्षं चाललाय तो. तुझ्याआधीपासून.”

छोटीने फ्लॅश उलटा केला. पायाच्या मधोमध एकच धातूचा ठिपका. तिच्या कॅमेऱ्याच्या खाचेत मात्र पाच होते. मधला ठिपका फ्लॅशला ‘आता उजेड पाड’ म्हणून सांगतो, उरलेले चार बाकीच्या गप्पांसाठी.

“म्हणजे हा मुका आहे,” ती म्हणाली. “त्याला ‘आता’ एवढा एकच शब्द कळतो. हरकत नाही, किती उजेड ते मी हाताने ठरवीन.”

ती विंचू सरकवणारच होती. पण कोणतीही वस्तू वापरण्याआधी तिची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचायची, हा तिचा जुना रोग. एकशे बाराव्या पानावर, बारीक अक्षरांत एक ओळ होती: ज्या फ्लॅशच्या पायावर चोवीस व्होल्टपेक्षा जास्त दाब येतो, तो या कॅमेऱ्याला लावू नये.

“चोवीस?” बाबा हसले. “अगं, चार सेलवर चालतो तो. चार गुणिले दीड. एवढं गणित मलाही येतं.”

“आत जातात सहा. पण ट्यूब पेटवायला तो आतल्या आत ते तीनशेपर्यंत चढवतो. त्यातले पायापर्यंत किती उतरतात, एवढाच प्रश्न आहे. मीटर कुठंय?”

मीटर खालच्या ड्रॉवरमध्ये होता. पिवळा, एका कोपऱ्यात तडकलेला. लाल तारेची सुई तुटली होती, तिथे कुणीतरी हिरवी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली होती. कुणीतरी म्हणजे काकांनी. हे तिघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी त्यांचं नाव घेतलं नाही.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत स्टुडिओ दोघांचा होता. मग पहिला डिजिटल कॅमेरा आला. दोघांनी तो लहान बाळासारखा आळीपाळीने मांडीवर घेतला. तिसऱ्या दिवशी, एका शाळेच्या ग्रुप फोटोच्या वेळी, तो काकांच्या हातात बंद पडला तो पडलाच. “दादा, मी फक्त बटण दाबलं रे,” काका म्हणाले. बाबांनी तिथल्या तिथे तपास केला. फ्लॅश काढून जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर चढवला आणि बटण दाबलं. लख्ख उजेड! फ्लॅश ठणठणीत, फिल्मचा कॅमेराही ठणठणीत. मग उरलं काय? “तू पाडलास,” बाबा सगळ्या शाळेसमोर म्हणाले, “आणि वर खोटं बोलतोस.”

दुसऱ्या दिवसापासून काका आले नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. आजी गेली तेव्हाही दोघे भाऊ एकाच खोलीत दोन भिंतींना टेकून बसले होते. ‘पाडला’ हा एक शब्द बाबा मागे घेत नव्हते, आणि तो मागे घेतल्याशिवाय काका या घराची पायरी चढणार नव्हते.

छोटीने मीटरचं बटण सगळ्यात वरच्या, तीनशे व्होल्टच्या पट्टीवर फिरवलं. विंचवाच्या पोटात सेल भरले. बटण सरकवताच बारीक शीळ सुरू झाली, चढत चढत कानाच्या पलीकडे गेली आणि लाल दिवा लागला. तिने काळी तार पायाच्या बाजूच्या पट्टीला टेकवली, लाल मधल्या ठिपक्याला.

काटा सहावर थांबला नाही. चोवीसवरही नाही. तो पार उजवीकडे जाऊन थरथरला.

“दोनशे एकाहत्तर,” ती म्हणाली.

“काहीतरीच काय! मीटर जुना आहे.”

“मीटर जुना असेल तर आकडा याहून जास्तच असेल. मोजताना तो स्वतः थोडं खातो.” तिने तारा बाजूला केल्या. पुस्तिका न वाचता तिने तो सरकवला असता तर? भुंगेरे राहिले असते बाजूला, कॅमेराच...

आणि तिथेच तिला दुसरा धक्का बसला.

“बाबा, त्या दिवशी शाळेत, डिजिटल कॅमेऱ्यावर कोणता फ्लॅश होता?”

बाबांनी विंचवाकडे पाहिलं. आई दारात ओल्या हातांनी उभी होती. “विंचूच,” ती म्हणाली. “दुसरा होता कुठे आपल्याकडे?”

“पण मी तपासलं होतं!” बाबांचा आवाज चढला. “लगेच फिल्मच्या कॅमेऱ्यावर लावला. काही झालं त्याला? आजही चालतो तो!”

छोटीने फिल्मचा कॅमेरा काढला. “याच्या आत दोन पितळी पट्ट्या आहेत. बटण दाबलं की एकमेकींना टेकतात, भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारख्या. त्यांना दोन व्होल्ट काय आणि दोनशे काय. डिजिटलमध्ये पट्ट्यांच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा नाजूक भाग असतो. तुम्ही तपासलंत, बाबा. पण ज्याला विंचू चढत नाही, नेमकं त्यालाच चावायला दिलंत.”

बाबा खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे त्याने पाडला नव्हता?”

“ते अजून सिद्ध नाही झालं. तो कॅमेरा आहे का?”

होता. कपाटाच्या वरच्या फळीवर, कापडात गुंडाळून, पुराव्यासारखा जपलेला. छोटीने तो खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला. आठही कोपरे नव्यासारखे. ओरखडासुद्धा नाही. नऊ वर्षं सेल नव्हते, तरी तिने जपूनच वरचं झाकण सोडवलं. खाचेच्या बरोब्बर खाली, सर्किटच्या हिरव्या पाटीवर, मसुराएवढा काळा डाग होता. भोवती तपकिरी कडा. जळालेलं असं दिसतं. आपटलेलं असं दिसत नाही.

बाबांनी निगेटिव्ह बघायचं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ काढलंच नाही.

“कोपरे मी एकदाही बघितले नाहीत,” ते भिंगामागून म्हणाले. “आणि तो फ्लॅश... मीच त्यावर पहिल्यांदा सरकवला होता. त्याच्या हातात कॅमेरा दिला आणि म्हटलं, दाब.”

विंचवाचा लाल दिवा अजून जळत होता.

आईने पदराला हात पुसले, आपला फोन उचलला, एक नंबर काढला आणि बाबांपुढे धरला. पडद्यावर नाव होतं ‘गॅसवाला’.

“हे काय?”

“लहान भावजींचा नंबर. दर महिन्याला गॅस लागतोच ना,” आई शांतपणे म्हणाली. बाबांनी आ वासला. नऊ वर्षं या घरात त्यांच्या नाकाखाली गॅस येत होता.

फोन लागला, आईने स्पीकर सुरू केला. पलीकडे छपाईच्या यंत्राची घरघर. “बोला वहिनी.”

“मी बोलतोय.”

यंत्र थांबलं.

बाबांना बोलायचं होतं वेगळंच, तोंडून निघाला आकडा. “दोनशे एकाहत्तर.”

“काय?”

“विंचू. पायावर दोनशे एकाहत्तर व्होल्ट. त्या डिजिटल कॅमेऱ्याची आतली पाटी जळालीय, खाचेखाली. आता बघितली. पाडला नव्हतास तू.”

छोटीला वाटलं, फोन ठेवला जाणार.

“छोटीच्या कॅमेऱ्यावर तर नाही ना लावलास तो?” काकांनी विचारलं.

“नाही. तिने आधी मोजलं.”

“कशाने?”

“तुझ्याच मीटरने. हिरव्या पट्टीवाल्या.”

काका अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “दादा, त्या दिवशी शाळेत तो मीटर माझ्या खिशात होता. सेल तपासायला नेला होता मी. तू ओरडत होतास आणि मी खिशात तो मुठीत धरून उभा होतो. संध्याकाळी तो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि निघालो.”

बाबांनी डोळे मिटले. एवढी साधी गोष्ट, एका खिशाच्या अंतरावर, आणि नऊ वर्षं!

“मला सुचलं नाही,” काका म्हणाले.

“मी सुचू दिलं नाही,” बाबा म्हणाले. “तू ये. नाहीतर मी येतो. आत्ता.”

“मीच येतो. अर्धा तास लागेल.” किल्ल्यांचा आवाज झाला. “तोवर त्याचे सेल काढून ठेव.”

बाबांनी सेल काढायला विंचवाकडे बोट नेलं.

“आणि दादा, सेल काढलेस तरी पायाला हात लावू नकोस. चार्ज आत राहतो. चावेल.”

बाबांनी झटकन हात मागे घेतला.