फोटोसारखी बुटकी

मित्रांनो, मी एक जुनी जपानी मोटार आहे. रंग निळा, दारे दोनच. सांगण्यासारखे फार नाही, आणि जे आहे ते सांगताना जीभ अडखळते.

जपानमध्ये मी एका शिंप्याची होते. सुटीला तो मला घाटात नेई. वळणावर मी कलू नये म्हणून त्याने माझ्या स्प्रिंगा बदलल्या, मला बोटभर बुटकी केले. परतताना आम्ही गाड्यांचे हौशी लोक जमत त्या मैदानात थांबत असू. तिथल्या काही गाड्या स्प्रिंगांऐवजी रबरी फुग्यांवर चालत. थांबल्या की मालक हवा सोडत आणि त्या जमिनीला टेकत. निघताना हवा भरली की उठत. फोटो मात्र सगळे बसलेल्या गाड्यांचेच निघत.

पुढे जहाजाने मी परदेशी आले. नवा मालक गाड्या रंगवी. त्याच्या भिंतीवर तशाच बसलेल्या जपानी गाड्यांचे फोटो होते. त्याने मला मायेने घासूनपुसून रंगवले आणि माझ्या स्प्रिंगा कापून मला जमिनीलगत आणले. "आता शोभतेस जपानची," म्हणाला. अरे, त्या गाड्या बसल्या होत्या, हे त्याला कोण सांगणार? माझ्याकडे नुसता हॉर्न. शिवाय गल्ली वाहवा करी आणि, खोटे कशाला बोलू, मी सुखावत असे.

त्याचे वडील बसचे निवृत्त ड्रायव्हर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना मीच घरी आणायचे, असा त्याचा हट्ट. गल्लीच्या तोंडाशीच गतिरोधकावर माझे पोट अडकले. मागे घेतले, तिरके घेतले, व्यर्थ. शेवटी त्याने चाचरत वडिलांना उतरायला सांगितले.

"बाबा, दोनच मिनिटं."

"इतकी वर्षं बस चालवली," ते काठी टेकत म्हणाले, "पण गाडीला ओझं होतं म्हणून उतारू कधी उतरवला नाही. असू दे. तू हिला सांभाळ. मला पाय आहेत, त्यातला एक तर नवाकोरा."

ते भिंत धरत घरी निघाले. मी रिकामी, पोट खरवडत, त्यांच्या मागून गेले.

मुलाने त्याच आठवड्यात उंच स्प्रिंगा बसवल्या. मित्रांनो, दुसऱ्याची आवडलेली गोष्ट जरूर घ्या, पण ती चालताना कशी असते हेही बघा. आमची निगा राखणे म्हणजे नुसते चकाकवणे नव्हे.

आता मी कुठे अडकत नाही, आणि मुलगा रोज वडिलांसाठी दार उघडून उभा राहतो. वडील मात्र माझ्या टपावर हलकेच थोपटतात आणि म्हणतात, "तू हिला घेऊन हो पुढे. मी येतो चालत."