डी.डी. म्हणजे काय

आमचे रिषभकाकासा नवापूरचे मोठे डॉक्टर. मोठी मुख्यतः त्यांची पाटी. तिच्यावर पदव्यांची इतकी अक्षरं आहेत की त्यांत नाव शोधावं लागतं. रोज सकाळी पूजा आटोपली की ते आमच्या सगळ्या गोतावळ्याला मोबाईलवर एक वैद्यकीय शब्द पाठवतात आणि सोबत त्याचं मूळ. मसल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. प्युपिल म्हणजे छोटी बाहुली, आपण डोळ्यातली बाहुली म्हणतो तशीच. खाली हात जोडल्याची चित्रं येतात, आमचे आजोबा, दादासा नथमलजी, न वाचताच 'वाह बेटा' लिहितात आणि काकासांचा दिवस सुरू होतो. शब्दाचं मूळ माहीत झालं की तो शब्द आपल्या मालकीचा झाला, असं त्यांना वाटतं. माणसांबद्दलही त्यांचं तेच मत असावं.

मी प्रियल, त्यांची पुतणी. डॉक्टर झाले आणि बाँडच्या सक्तीच्या नोकरीवर धडगावच्या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा घरात कुणी गेल्यासारखे चेहरे होते. काकासांनी समजूत घातली, "थोडे दिवस काढ. तिकडच्यांना औषध लागतच नाही. बाटली टांगली की खूष."

होळी जवळ आली तशी पोल्ट्रीच्या कामाला नवापूरकडे गेलेली माणसं डोंगरात परतू लागली. दवाखान्यात कालीबाई आली, कंबर धरून. काय होतंय विचारलं तर म्हणाली, "डीडी झालंय मला."

"कोण म्हणालं?"

"नवापूरचा डॉक्टर. त्याच्या माणसाला सांगत होता. मी ऐकलं."

मग आणखी बायका आल्या, त्यांनाही डीडीच. एकीच्या गावातल्या बडव्याने, म्हणजे मंत्र टाकणाऱ्या भगताने, डीडी उतरवायला कोंबडा मागितला होता. एकाने हळूच विचारलं, होळीला एकत्र नाचलं तर डीडी पसरतं का. मला काही सुधरेना. डॉक्टर लोक डी.डी. म्हणतात ते डिफरन्शियल डायग्नोसिसला, म्हणजे 'हे असेल, नाहीतर ते असेल' या विचाराला. तो कुणाला होत नाही. शेवटी काकासांना फोन लावला.

ते हसत सुटले. "अगं, तिथपर्यंत पोचलं का ते! धडगाव ड्रामा! इथे दुखतं, तिथे दुखतं, बोट ठेव म्हटलं की बोट अंगभर फिरतं. मग मी अजितला म्हणतो, डीडी. माझा कंपाउंडर हुशार आहे. एक सलाईन, एक इंजेक्शन, आणि घरचा रस्ता."

"पण रक्त तपासता ना?"

"ड्राम्याचं रक्त तपासायचं?" त्यांना पुन्हा हसू आलं. "आमच्या धंद्यातला विनोद आहे हा. तू नवीन आहेस."

विनोदच म्हणायचा. ज्याला ऐकवायचा त्याला कळू नये, अशा भाषेत केलेला. समोर कण्हणाऱ्या बाईच्या डोक्यावरून कंपाउंडरकडे फेकायचा, तोही दोन अक्षरांत, कारण पूर्ण उच्चारायचं धाडस नाही. त्यापेक्षा बडवा परवडला. तो कोंबडा घेतो, पण बाईचा हात धरून बसतो तरी.

जसोदाबाई आली ती जीपच्या मागच्या बाकावर आडवी. नवरा उदेसिंग तिला उचलूनच आत घेऊन आला. डोळे पिवळे, श्वास तोकडा, हातापायाला हात लावू देईना. काकासांकडून सलाईन घेऊन परतलेली. त्यांनी तिला सांगितलं होतं, काही झालेलं नाही, काम टाळायला हे चाललंय.

आम्ही ऑक्सिजन लावला, दुखणं थांबवायचं औषध दिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. सिकलसेल निघाला. आमच्या जिल्ह्यात हा आजार किती, हे दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. काकासांच्या दवाखान्याच्या भिंतीवर त्यांच्या सत्काराचे फोटो आहेत. जसोदाबाईची छाती भरत चालली, तेव्हा तिला रुग्णवाहिकेतून नंदुरबारला पाठवावं लागलं. घाटात ती जाईल अशी मला भीती होती. ती वाचली.

परतीच्या वाटेवर दोघं मला भेटायला थांबली. मी तिला आजार समजावून सांगितला. रक्तातल्या गोल पेशी वाकड्या होतात, विळ्यासारख्या, आणि बारीक नसांमध्ये अडकतात. सिकल म्हणजे विळाच.

"विळाच आहे तो," ती म्हणाली. "हाडाला आतून लागतो." मग तिने विचारलं, "आणि डीडी? ते पण आहे का अजून?"

खोटं बोलता आलं असतं. पण काकासांची अब्रू झाकायला मी खोटं का बोलू? धडगाव ड्रामा म्हणजे काय, ते मी सरळ सांगितलं. उदेसिंग उठून उभाच राहिला. जसोदाबाईने त्याला खाली बसवलं.

"त्याने माझ्या अंगाला हात पण लावला नव्हता," ती म्हणाली. "मला विचारायचंय त्याला."

त्यांचं सामान अजून पोल्ट्रीच्या शेडवर पडलं होतं, ते आणायला जायचंच होतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं नवापूरला उतरलो. काकासांचा दवाखाना भरलेला होता. मला पाहून ते तोंडभर हसले आणि केबिनचं दार उघडंच ठेवून बाहेर आले. "या, धडगावच्या मोठ्या डॉक्टरीणबाई!"

मी बाजूला सरले. जसोदाबाई पुढे झाली.

"डॉक्टर, डीडी म्हणजे काय?"

काकासांनी तिला ओळखलं नाही. ओळखायचं तर आधी बघावं लागतं. "इंग्रजी शब्द आहे, बाई. तुला नाही कळायचा."

"धडगाव कळतं मला. माझा तालुका आहे. ड्रामा पण कळतो, जीपमध्ये पोरं मोबाईलवर बघतात. दोन्ही मिळून आजार कसा झाला ते सांग."

अजित औषधांच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिला.

"प्रियल, काय तमाशा लावलाय हा?" काकासा माझ्यावर घसरले. "घरची असून?"

"त्यांनी शब्दाचा अर्थ विचारलाय, काकासा. तुम्ही तर रोज सांगता."

इतक्यात बाकावरची एक म्हातारी काठी टेकत उठली. ती इथलीच, नवापूरची. "डाक्टर, अजितले तू मन्हाबद्दल एफ.टी. म्हणे. ते काय शे?"

तिच्या शेजारच्या माणसाला आठवलं की त्याच्या बायकोबद्दल काकासा काहीतरी 'के.के.' म्हणाले होते. मागून आणखी कुणी बोललं. प्रत्येकाकडे आपापली अक्षरं होती. काहींनी ती घरी जाऊन देवासमोर म्हटली असतील, काहींनी भीतीने जेवण सोडलं असेल. सगळे एकच विचारत होते, आणि लॅटिन-ग्रीकचा हा पंडित स्वतःच्या शब्दांचा अर्थ सांगू शकत नव्हता. त्यांचे कान लाल झाले. बी.पी. वाढलंय म्हणत ते मागच्या दाराने वर घरी निघून गेले. जाताना जिन्यात त्यांची चप्पल सुटली, ती घ्यायलाही थांबले नाहीत.

म्हातारी अजितकडे वळली. "आते तू सांग."

अजितने सांगितलं. एफ.टी. म्हणजे फुकट टाइमपास. तो गयावया करत सांगत होता, जणू त्याचा काही संबंधच नव्हता. म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं, दारात जाऊन थुंकली आणि निघून गेली. तिच्यामागून बरेच जण उठले. काही बसून राहिले. त्यांची पोरं तापाने फणफणत होती आणि दुसरा दवाखाना लांब होता. त्यांना मी नावं ठेवत नाही. एका पोराला मीच तिथे तपासलं.

मी वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली आहे. पुढे काय होईल, माहीत नाही. काकासांचा दवाखाना सुरू आहे, गर्दी थोडी ओसरली आहे इतकंच. घरच्यांनी मला त्यांच्या मोबाईल-गटातून काढून टाकलं. दादीसा भूरीबाईंनी फोन करून सांगितलं, "माफी माग, खानदानाचं नाव गेलं." मी म्हटलं, नावं काकासांनी दुसऱ्यांना ठेवली होती, दादीसा, आपलं कुठे गेलं? त्यांनी फोन ठेवला.

जसोदाबाई आता रोज गोळी घेते आणि दर महिन्याला तपासायला येते. गेल्या खेपेला मुलीला, आशाला, घेऊन आली. आशाच्या रक्ताच्या अहवालावर ए.एस. आलं, म्हणजे आजार नाही, पण आईचा सिकलसेल ती रक्तात वाहून नेते. जसोदाबाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"हं," ती म्हणाली, "एक-एक अक्षर सांग. घाई नाही आम्हाला."