पाठीवरचा सिलिंडर

“नेमेसिया, सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात गेला,” डॉक्टरीण म्हणाली. “तासभर पुरेल. फार तर.”

“मग ऑक्सिजनची गाडी कुठंय?”

“चौकात अडकलीय. मी वर कळवलंय.”

“वर कोण बसलंय, देव?” नर्स नेमेसियाने एप्रनवरच शाल गुंडाळली.

पेटीतलं बाळ आठ आठवडे आधी जन्मलेलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, सोडताना ते कण्हायचं. नाकातल्या नळ्यांतून ऑक्सिजन जात होता. दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं. पाण्यात बुडबुडे येतात तोवर फुप्फुसं मिटत नाहीत. एल आल्तो या डोंगरावरच्या शहरातल्या या दवाखान्यात यंत्र म्हणतात ते एवढंच: बाटली, पाणी, चिकटपट्टी. नेमेसियाला एकोणीस वर्षं ती गुडगुड ऐकू येत होती. जेवताना, मुतायला जाताना, बसमध्ये पेंगतानासुद्धा.

चौकापर्यंत ती पळतच गेली. वस्तीनं रस्ता अडवला होता: दगड, जळके टायर आणि घरटी एक माणूस. हजेरी घेतली जात होती; जो नसेल त्याच्या घरचं पाणी तोडायचं, असं वस्तीनं ठरवलं होतं. मागणी शंभर टक्के खरी होती. दवाखान्यात ऑक्सिजन तयार करायची सोय हवी. तीन निवडणुका झाल्या, कोनशिला तेवढी बसली.

ऑक्सिजनचा ट्रक दगडांपलीकडे उभा होता.

“अँब्युलन्स सोडते, ट्रक नाही,” यादी धरून बसलेली दोन्या बासिलिया म्हणाली. ती वस्तीची पुढारी, म्हणून सगळे तिला ‘दोन्या’, म्हणजे बाईसाहेब म्हणत. “एकाला सोडलं की मागचे सगळे आजारी पडतात.”

“त्यात ऑक्सिजन आहे.”

“आणि आम्ही कशासाठी बसलोय? तुझ्याच दवाखान्यासाठी ना, पोरी! सकाळपासून ढुंगण गारठलंय माझं.”

लोक हसले.

“बाळ मरेल, दोन्या बासिलिया.”

“कोणाचं?”

“नाव नाही ठेवलेलं अजून. पेटीवर आईचं आहे. एलेउतेरिया ताकिची.”

टायरवर बसलेला रुफो नावाचा तरुण उठला. मांडीवरचे उकडलेले बटाटे रस्त्यावर घरंगळले.

“माझी बायको ती,” तो म्हणाला. “मला सांगितलं, बाळ यंत्रावर आहे. म्हटलं, यंत्र आहे म्हणजे झालं.”

“यंत्रात हवा कोण फुंकणार? तुझा बाप?”

बासिलियाने यादीकडे पाहिलं, मग ट्रकमागच्या रांगेकडे. बाई वाईट नव्हती. तीच तर पंचाईत होती. वाईट असती तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

“गाडी नाही,” ती शेवटी म्हणाली. “सिलिंडर ने. पाठीवर घाल, रुफो.”

रुफोने चादरीत सिलिंडर बांधून पाठीवर घेतला. रस्ता चढाचा, हवा विरळ. नेमेसिया मागून तळाला हात देत होती. अर्ध्या वाटेत त्याला धाप लागली.

“बसू नकोस हां. बसलास तर आधी तुलाच लावावा लागेल.”

पोचले तेव्हा बाटली गप्प होती. डॉक्टरीण हाताने फुगा दाबून बाळाला श्वास देत होती, तिची बोटं वाकडी झाली होती. नेमेसियाने नळी जोडली, चावी फिरवली. एक बुडबुडा आला. बऱ्याच वेळाने दुसरा. मग गुडगुड.

रुफो काचेबाहेर उभा होता.

“किती पुरेल?”

“उद्या सकाळपर्यंत.”

त्याने टोपी घातली.

“कुठं निघालास? बायको वरच्या मजल्यावर आहे.”

“भेटतो तिला. मग चौकात, बसायला.”

“डोकं फिरलंय का? आत्ताच बघितलंस ना?”

“बघितलं,” तो म्हणाला. “म्हणूनच.”

नेमेसियाच्या तोंडात शिवी आली होती. ती तिने गिळली. थोड्या वेळाने खिडकीतून तो उतारावर दिसला. पाठीवर आता काही नव्हतं, तरी तो वाकूनच चालत होता.