भांडून मिळेल

घरात तिला सगळे कुजबुज म्हणत. ती जन्मल्यावर रडली होती की नाही, याची तिच्या आईला अजून खात्री नव्हती. दुकानात गेली की तिच्या मागून आलेली माणसं सामान घेऊन निघून जात आणि ही आपली काउंटरपाशी "अहो... मला जरा..." करत उभी. बसमध्ये "थांबवा" म्हणायचं धाडस न झाल्यामुळे ती कितीदा तरी शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आली होती. अशा मुलीने कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी उद्योजकता हा विषय घेतला, तोही हौसेने नव्हे. ऑफिसातल्या क्लार्कने चुकून त्या विषयावर खूण केली आणि "अहो, मला दुसरा हवा होता" हे सांगायला तिची जीभ रेटली नाही.

तो विषय शिकवणाऱ्यांना मुलं मार्केट सर म्हणायची, कारण त्यांचं कुठलंही वाक्य शेवटी मार्केटमध्ये जाऊन थांबायचं. स्वतः सर एकदाच जुनी सायकल विकायला गेले होते आणि संध्याकाळी तीच चालवत घरी आले होते. हे त्यांच्याच तोंडून एकदा बेसावधपणे निघून गेलं होतं. पण वर्गात त्यांचा आवेश काही औरच.

"लोकांचं काय दुखतंय ते शोधा!" ते फळ्यावर खडू आपटत म्हणाले. "दुखणं सापडलं की धंदा सापडला! दोघादोघांच्या जोड्या करा, धंदा सुरू करा, खरं गिऱ्हाईक मिळवा. शेवटी परीक्षकांसमोर आपला धंदा मांडायचा. आणि एक तरी गिऱ्हाईक तिथे येऊन बोललं पाहिजे. आई-वडील चालणार नाहीत."

कुजबुजच्या वाट्याला जोडीदार आला तो टाय. अख्ख्या कॉलेजात रोज टाय लावून येणारा हा एकटाच. त्याच्याकडे व्हिजिटिंग कार्डंसुद्धा छापून तयार होती. त्यांवर 'संस्थापक' असं ठळक लिहिलेलं होतं; कशाचा संस्थापक, तेवढी जागा कोरी होती.

"आयडिया तू दे," टाय म्हणाला, "बाकी सगळं माझ्याकडे आहे."

कुजबुजने दिल्या. विसरलेली छत्री मालकाला हाक मारते, अशी एक. सरांनी ती ऐकली, म्हणजे तीनदा "काय? जरा मोठ्याने!" म्हणून ऐकली, आणि म्हणाले, "छत्री ओरडतेय हो, पण गिऱ्हाईक कुठे ओरडतंय?" झालं. कुजबुज जी खाली बसली ती तास संपेपर्यंत वर बघेना.

ओरडणारं गिऱ्हाईक शेवटी घरातच सापडलं.

बाबांनी वाचत बसण्यासाठी एक नवी आरामखुर्ची आणली होती. दिसायला झकास, पण तिच्यावर कुणी बसलं की खालून असा काही आवाज यायचा, की पाहुणे शिष्टाचार म्हणून खिडकीबाहेर बघू लागत. बाबा तक्रार करायला फर्निचरच्या दुकानात दोनदा गेले. पहिल्यांदा तसेच परत आले. दुसऱ्यांदा खुर्चीला शोभेलशी एक उशी विकत घेऊन आले.

तेव्हा आत्याने पदर खोचला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीवर तिची सगळी नोकरी झाली होती, त्यामुळे चिडलेल्या माणसांची तिला जितकी सवय होती तितकी हवेचीही नसेल. तिने खुर्ची टेम्पोत चढवली, बाबांना चढवलं, कुजबुजला चढवलं आणि थेट दुकान गाठलं.

"बसा," तिने मालकाला सांगितलं.

मालक बसला. खुर्चीने आपलं म्हणणं मांडलं. पलीकडे सोफा बघणारं एक जोडपं चमकून वळलं.

"आता थोडे उजवीकडे झुका," आत्या म्हणाली. मालक झुकला. यावेळी आवाज लांबला. जोडप्यातल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला.

"आता या सगळ्यांसमोर सांगा," आत्या अगदी शांतपणे म्हणाली, "हे तुम्ही केलंत की खुर्चीने?"

"खुर्चीने!" मालक किंचाळला. "बाई, शपथेवर सांगतो, खुर्चीने!"

"झालं तर मग. आमच्या भावाचंही तेच म्हणणं आहे."

नवी खुर्ची घरी आली. कुजबुजने दुसऱ्या दिवशी ही हकिगत टायला सांगितली, तेव्हा तो उठून उभाच राहिला. "अगं, ही आत्या मार्केटमध्ये आणली पाहिजे! तुझ्या बाबांसारखे गरीब गायीसारखे लोक गल्लोगल्ली आहेत. कुणाचा कोट बिघडतो, कुणाचा नळ गळतो, आणि सगळे मूग गिळून बसतात. त्यांच्या वतीने आपण भांडायचं!"

आत्याला आधी हे मुळीच पसंत पडलं नाही. "मी काय भाडोत्री भांडकुदळ आहे?" ती कडाडली. पण निवृत्तीनंतर तिच्याशी हुज्जत घालायला घरात कुणी उरलं नव्हतं. बाबा पहिल्या वाक्याला शरण जायचे. दुपारी झोपून उठल्यावर ती म्हणाली, "येते. पण गिऱ्हाइकाने माझ्याशी खोटं बोलायचं नाही. आणि ही पोरगी दर वेळी माझ्याबरोबर हवी. जरा तोंड उघडायला शिकेल."

टायने कार्डावरची कोरी जागा भरली: 'खडे बोल. तुमच्या वतीने भांडून मिळेल.'

पहिलं काम टायच्या मामाचं. शिंप्याने त्याच्या कोटाची एक बाही लांब शिवली होती आणि वर "तुमचाच हात आखूड आहे" असं ऐकवलं होतं. आत्याने शिंप्याला तोच कोट चढवायला लावला. शिंप्याचाही नेमका तोच हात आखूड निघाला. त्यानंतर कामांची रीघ लागली. लॉन्ड्रीवाल्याने पडद्यांचे टॉवेल केले, रंगाऱ्याने भिंतीबरोबर मांजरही रंगवलं. एकेक प्रकरण आत्या चिमटीत धरून निकालात काढत होती. कुजबुज मागे पिशवी धरून उभी राहायची. "बोल काहीतरी," आत्या कोपर मारायची. कुजबुज म्हणायची, "नमस्कार." तेसुद्धा समोरच्याला ऐकू जायचं नाही.

"धंदा वाढवायचा तर एक आत्या पुरणार नाही," टाय म्हणाला. म्हणून आत्याने दोघांना शिकवायला घेतलं. ती स्वतः दुकानदार झाली, टाय गिऱ्हाईक.

"कृपया माझं घड्याळ बदलून द्याल का?" टाय म्हणाला.

"नाही देणार."

"बरं. धन्यवाद."

आत्याने कपाळाला हात लावला. "अरे, टाय सैल कर आधी! गळा मोकळा कर!" टायने टाय सैल केला आणि तीच दोन वाक्यं जरा सैलपणे म्हटली. कुजबुजची पाळी आली तेव्हा आत्या दोनदा खाली वाकली, एकदा कानाला हात लावला आणि मग म्हणाली, "तू फोन घेत जा. तिथे नुसतं ऐकायचं असतं."

अशात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या दवाखान्याच्या बरोबर वर एक बँडमधून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. ते दिवसातून हवं तेव्हा ट्रम्पेट वाजवत.

"पेशंट आ करून बसलेला असतो, माझ्या हातात सुई असते, आणि वरून एकदम पों!" डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "पेशंट उडतो, मी उडते. त्या माणसाला असा झाडा, की पुन्हा त्याने शिट्टीसुद्धा वाजवता कामा नये."

आत्या जिना चढून गेली. डॉक्टरीणबाई, कुजबुज आणि तोंडात कापूस कोंबलेला एक पेशंट, असे तिघं खाली कान देऊन बसले. आधी वरून आत्याचा आवाज आला. मग एक जाड पुरुषी आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक दणदणीत 'पों' आणि त्यामागून एक दुबळं, घसरलेलं 'फुस्स'.

"हे दुसरं कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

कुजबुजला कळलं होतं, पण तिने मान खाली घातली.

आत्या खाली आली ती गाल चोळत. "बाई, तो माणूस बरोबर आहे," ती म्हणाली. "तुमचं ते दात कोरायचं मशीन सुरू झालं की त्याच्या फरशीतून आवाज जातो. त्याची बत्तिशी सळसळते हो! तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून बिचारा वाजवत बसतो. मशीनखाली जाड रबर घाला, विषय संपला."

"मी तुम्हाला त्याच्याशी भांडायला बोलावलं होतं!"

"गेले की भांडायला. पण बाजू पटली तर काय करू?"

"माझे पैसे घेऊन माझ्याशीच भांडताय?"

"तुमची चूक आहे तर कुणाशी भांडू?"

मग जी जुंपली ती बघण्यासारखी होती. पेशंटची मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मध्येच त्याने कापसातून काहीतरी मत मांडायचा प्रयत्न केला, तेव्हा दोघी एकदमच म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा!" शेवटी आत्या कुजबुजला हाताला धरून तरातरा बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "धंद्याचं तुमचं तुम्ही बघा आता. मी सोमवारपासून ट्रम्पेट शिकायला जाणार आहे. वरचे म्हणाले, माझ्या फुप्फुसात दम आहे."

धंदा मांडायचा दिवस उजाडला तो असा, आत्याविना. टायने सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना निमंत्रणं पाठवली होती. कोटवाला मामा गावाला गेला होता, मांजरवाल्यांनी उत्तरच दिलं नव्हतं. परीक्षक म्हणून मार्केट सरांशेजारी एक बेकरीवाले पाहुणे बसले होते. टायने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि बोलता बोलता घाम पुसला. सर म्हणाले, "छान. गिऱ्हाईक कुठे आहे?"

दार उघडलं आणि दातांच्या डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांच्या हातात टायचं निमंत्रण होतं.

"मी आहे गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या, आणि पुढची काही मिनिटं त्यांनी असा तोंडाचा पट्टा सोडला, की मागच्या बाकावरचे झोपलेले दोघं सावरून बसले. फसवणूक काय, फितुरी काय, अपमान काय! टाय हळूहळू पडद्यामागे सरकला. सर बेकरीवाल्यांना म्हणत होते, "हं... मार्केटचा प्रतिसाद... थोडा तीव्र आहे."

कुजबुज एकटीच समोर उरली. तीही पडद्याकडे सरकणार होती. पण एका गोष्टीकडे तिचं लक्ष गेलं: ओरडताना डॉक्टरीणबाईंचे गाल लाल झाले होते, डोळे लकाकत होते आणि मधूनमधून त्या वर्गाकडे बघत होत्या, ऐकताहेत ना सगळे, म्हणून. आत्याही अगदी अशीच दिसायची. दुकानातून परतताना.

"डॉक्टर," ती म्हणाली.

"काय? ऐकू येत नाही!"

"जवळ या म्हणजे येईल," कुजबुज म्हणाली, आणि हे आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं. डॉक्टरीणबाई जवळ आल्या. वर्गही पुढे झुकला. "आत्याला बाजू पटली नाही तर ती भांडणार नाही, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, ही आमची चूक. तुमचे पैसे परत मिळतील. पण एक विचारू? त्या दिवशी रबर घातलंत का?"

"घातलं," डॉक्टरीणबाई नाइलाजाने म्हणाल्या.

"मग वरचा आवाज?"

"बंद झाला."

"मग तुम्ही आज दवाखाना बंद ठेवून इथे का आलात?"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं निमंत्रण टेबलावर ठेवलं. मग एकदम खुर्ची ओढून बसल्या. "खरं सांगू? मी दिवसभर बोलते आणि समोरच्याचं तोंड मी स्वतःच अडकवून ठेवलेलं असतं. हवामान बोला, राजकारण बोला, तो आपला 'आं, आं'. घरी नवरा, तो माझा जुना पेशंट. त्याचीही तीच सवय. तुमच्या आत्याने मला उलट उत्तर दिलं ना, त्या रात्री मला छान झोप लागली. म्हटलं, आज पुन्हा भेटतील. कुठे आहेत त्या?"

वर्गात हशा पिकला. कुजबुज मात्र हसली नाही. तिचं डोकं भराभर चालू लागलं होतं.

"आत्या काम सोडून गेली," ती म्हणाली. "तिची जागा रिकामी आहे. संध्याकाळी दवाखाना सुटल्यावर याल का आमच्याकडे भांडायला?"

"हे अभ्यासक्रमात बसत नाही!" मार्केट सर म्हणाले.

"सर, एक मिनिट," कुजबुज म्हणाली, "आमचं चाललंय." सर गप्प बसले. एवढ्या हळू आवाजात आपल्याला कुणी गप्प केल्याचा त्यांना अनुभव नव्हता.

पहिला नंबर काही कुजबुज आणि टायला मिळाला नाही. तो केकच्या खोक्यांवर चित्रं काढून देणाऱ्या जोडीने पटकावला. बेकरीवाले परीक्षक असल्यावर दुसरं काय होणार! हे दोघं पास झाले. सरांनी शेऱ्यात लिहिलं, 'गिऱ्हाईकच कर्मचारी! मार्केटमध्ये पाहिलेलं नाही.' हे कौतुक की तक्रार, यावर टाय आठवडाभर विचार करत होता.

डॉक्टरीणबाईंचं पहिलं काम बॅगांच्या दुकानात निघालं. कॉलेजच्या ग्रंथपालांच्या नव्या सुटकेसचं हँडल पहिल्याच प्रवासात हातात आलं होतं. दुकानदार नामांकित तिरसट. डॉक्टरीणबाईंनी सुटकेस काउंटरवर आदळली आणि सरबत्ती सुरू केली. दुकानदारानेही बाह्या सावरल्या, ओरडायला जबडा चांगला वासला, आणि डॉक्टरीणबाई बोलता बोलता थांबल्या.

"मिटू नका," त्या म्हणाल्या. "उजेडाकडे वळा. खाली, मागची दाढ... रात्री ठणकते ना?"

दुकानदार उघड्या तोंडानेच हो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर तो कुणाशीच धड बोललेला नव्हता, असं त्याच्या बायकोने आतून येऊन सांगितलं. सुटकेस बदलून मिळाली आणि त्याने दुसऱ्या दिवशीची वेळही घेतली.

बाहेर फुटपाथवर येताच कुजबुज म्हणाली, "हा पेशंट आपल्या कामावर असताना मिळाला. त्याच्या फीमधला वाटा 'खडे बोल'ला द्यायला हवा."

"काय? दाढ मी पाहिली!"

"तोंड आमच्या भांडणाने उघडलं."

"अगं, पण डॉक्टरीची पदवी माझी आहे!"

"दुकानात तुम्ही डॉक्टर म्हणून गेला नव्हतात."

"वा गं वा! काल मला नोकरीवर घेतलंस नाही तोच आज..."

"आवाज वाढवू नका, लोक बघताहेत," कुजबुज म्हणाली. "वाट्याचं बोला."

डॉक्टरीणबाईंची बस आली आणि गेली. त्यांनी हात केला नाही. पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात कमरेवर घेतले आणि अत्यंत आनंदाने म्हणाल्या, "बोल, किती म्हणतेस?"