पाचवा रणगाडा

"अंकल, या कागदावर फक्त तुमची सही पाहिजे," गॅब्रिएला म्हणाली. "मग टोबी बोर्ड फिक्स करेल."

टोबी म्हणजे साउथहॅम्प्टनजवळच्या या छोट्या संग्रहालयाचा क्युरेटर. तो ड्रिल घेऊन उभाच होता. बोर्डवर गॅब्रिएलाच्या वडिलांचं, हनोखचं नाव होतं: कमांडर, सिनाई, १९७३, शत्रूचे पाच रणगाडे उद्ध्वस्त. हनोख आणि मी मराठी ज्यू, तेव्हा इस्रायलच्या फौजेत एकाच रणगाड्यात होतो. तो गेल्या वर्षी गेला. आमच्या रणगाड्यातला मी, एलिशा, एकटाच उरलोय. तोफ डागायचो मी, म्हणून साक्षीदारही मीच.

रणगाडा समोरच होता. दुसऱ्या महायुद्धातला म्हातारा, वर नवी तोफ बसवलेली. एवढ्या जुन्या खटाऱ्याने पाच मारले याचं सगळ्यांना कौतुक. म्हाताऱ्यांचं कौतुक करायला इथल्या लोकांना आवडतंच, मला बसमध्ये जागासुद्धा देतात.

खरे चारच होते. सही केली की पोरगी खूश, टोबी मोकळा आणि मी चहाच्या वेळेला वेम्बलीत घरी. पण मी पेन खाली ठेवलं.

"आर यू ओके, अंकल?"

"पाचवा आपलाच होता," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"शत्रूचे पकडलेले रणगाडे आपली फौजही वापरत होती. धुळीत मला नुसता आकार दिसला. तुझे बाबा वरून ओरडले, थांब, आपला आहे. तोवर मी गोळा सोडला होता."

टोबीला मराठी कळत नव्हती. तो घड्याळ बघत होता.

"मग बाबांनी फाइव्ह का सांगितले?"

"मला वाचवायला. त्या गोंधळात कुणी चौकशी केली नाही."

आता ती रडेल, मेलेल्या बापाला खोटं पाडलं म्हणून मला चार शब्द सुनावेल, याची मी तयारी केली होती. खरं तर तिने सुनावावं असंच वाटत होतं. पण तिने टोबीला थांबायला सांगितलं, कागदावरचं पाच खोडून चार केलं आणि कागद उलटा करून माझ्यासमोर बसली.

"आत किती लोक होते?"

"चौघं."

"नावं सांगा, अंकल. मी लिहिते."

मी तोंड उघडलं. पन्नास वर्षं मी मनात स्वतःला गुन्हेगार म्हणत आलो होतो. पण ती नावं मी कधी कुणाला विचारलीच नव्हती.