काहून जी

"सर, शाल घ्या नं. साहेब उभे आहेत," संगीता मागून वाकून कानाशी म्हणाली.

शिक्षणाधिकारी साहेब खरंच उभे होते. दोन्ही हातांवर शाल पसरलेली, शेजारी नारळाचं तबक, समोर फोटोवाला एक गुडघा टेकून बसलेला. जगदेव अवचार मात्र खुर्चीतून हलायला तयार नव्हते. वाशीमच्या त्या मंगल कार्यालयात दीडशे शिक्षक माना उंच करून बघत होते आणि सत्कारमूर्ती मांडीवरच्या पुस्तिकेत डोकं घालून बसले होते. पुस्तिकेचं प्रकाशन होऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. चौदाव्या पानावरच्या एका ओळीवर त्यांनी बोट दाबून धरलं होतं, जणू ओळ पळून जाणार होती.

"हे कोनं लिवलं?" त्यांनी विचारलं.

माईक जवळ होता, त्यामुळे प्रश्न सगळ्या हॉलला ऐकू गेला. बोटाखाली छापलं होतं, 'पाठ तिसरा : कशासाठी हो, कशासाठी हो.'

आता हा पाठ तिसरा म्हणजे काय, हे सांगायलाच हवं. त्याशिवाय म्हातारा भर सभेत एवढा का तापला ते कळायचं नाही.

जगदेव मूळचे आसेगावचे. घरी शेती, पण पोराचा जीव लग्नाच्या बँडमध्ये. एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडून मुंबई गाठली आणि फिरत फिरत एका हॉटेलच्या वाद्यवृंदात ड्रमवर बसले. तिथे जॅझ वाजायचं. पियानोवर एक म्हातारा गोवेकर होता. तो रोज जगदेवला थांबवायचा आणि म्हणायचा, "हात बरोबर आहे, चाल बरोबर नाही. तुझा ठोका कवायत करतो, तो झुलला पाहिजे." झुलला पाहिजे म्हणजे नेमकं काय, ते त्यालाही सांगता येईना. तीन महिने जगदेवने मांड्या बडवून निळ्या केल्या, पण ठोका काही झुलेना.

मग गावाहून विजयमाला आली. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. खोलीत पहिल्याच दिवशी तिने भाकरी वाढली, तर नवरा चमचा घेऊन ताटलीच वाजवत बसलेला. तिने विचारलं, "काहून जी? काहून जी, ताटली काहून बडवून राह्यले?"

जगदेवचा चमचा हवेतच थांबला. का-हून-जी. 'का' लांबलेला, 'हून' अर्धा गिळलेला आणि 'जी'वर सगळं वजन. तीन महिने जे सापडत नव्हतं ते समोर भाकरी वाढत बसलं होतं. त्याने ताटलीवर तसंच वाजवलं, पुन्हा वाजवलं, आणि विजयमालेला वाटलं नवऱ्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी गोवेकराने पियानो थांबवला, पण या वेळी मिठी मारायला.

पुढे हॉटेलांमध्ये ताल धरणारी यंत्रं आली. यंत्राला जेवण लागत नाही आणि ते सुट्टीही मागत नाही. अवचार दांपत्य आसेगावला परतलं. शाळेच्या हेडमास्तरांनी "पोरांना काही वाजवायला शिकवा" म्हटलं, आणि तेलाचे रिकामे डबे, टोपली, मोडका बाक एवढ्यावर जगदेव सरांनी वर्ग सुरू केला. परदेशी ताल आणि पाठ सगळे वऱ्हाडी. 'येऊन राह्यला' हा एक पाठ, 'मले दे, तुले घे' हा दुसरा, आणि 'काहून जी' तिसरा. पोरं बोलत बोलत वाजवायची आणि वाजवत वाजवत बोलायची. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून शेकडो पोरं गेली. त्यातली कितीतरी आज शाळाशाळांत शिक्षक आहेत. दुसऱ्या जिल्ह्यांतले संगीत शिक्षक मुक्कामाला येऊन मागच्या बाकावर बसायचे, सरांची वही उतरवून घ्यायचे. लोक त्यांना 'काहून सर'च म्हणायचे. त्यांच्या वहीवरून सगळ्या शाळांसाठी पुस्तिका निघणार म्हटल्यावर सरांनी महिनाभर आधी सदरा शिवायला टाकला होता. विजयमालेला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

आणि आता हे, कशासाठी हो!

"अवचार सर," साहेबांनी शाल शिपायाकडे देत समजुतीचा सूर लावला, "मूळ संकल्पना तुमचीच आहे. दुसऱ्या पानावर नाव आहे तुमचं, ठळक अक्षरात. पुस्तिकेच्या समितीने फक्त भाषा शुद्ध केली."

"शुद्द केली?" सर उठले. "म्हंजे माही बायको अशुद्द बोलत होती?"

हॉलमध्ये कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तसं नाही हो. पुस्तक सगळीकडे जाणार. मुलांच्या हाती प्रमाण भाषाच गेली पाहिजे. अर्थ तर तोच आहे ना?"

"साहेब, ढोलाले अर्थ नसते," सर म्हणाले. "तुमी एक काम करा. तुमच्याच हातानं टाळी वाजवा अन् हे वाचा. तीनच टाळ्या. मी मोजतो."

खरं तर साहेबांनी हसून विषय बदलायला हवा होता. पण दीडशे माणसं बघत होती आणि तीन टाळ्या वाजवता न येण्याएवढा आपण अडाणी नाही, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी पुस्तिका टेबलावर उघडी ठेवली. "कशा," एक टाळी. "साठी," दुसरी. "हो," तिसरी. ही सरळ कवायत झाली. सरांनी बोटाने टेबलावर लय धरली आणि म्हणाले, "आता ह्याच्यावर." साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. 'सा'वर टाळी आली की 'ठी' उरायचा, 'ठी' गिळला की 'हो' चुकायचा. तिसऱ्या खेपेला हात एकीकडे आणि तोंड दुसरीकडे झालं. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"आता तुमी सगळे," सर हॉलकडे वळले. "पुस्तक राहू द्या. आपल्या घरी जसं इचारता तसं. काहून जी."

पहिल्या रांगेतल्या दोन बायका लाजल्या. मग मागून एकाने सुरू केलं, आणि बघता बघता दीडशे माणसांचा हॉल झुलायला लागला. काहून जी, काहून जी. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. खुर्च्या वाजल्या, पाय वाजले, आचारीसुद्धा झारा घेऊन दारात आला. सरांनी डोळे मिटले होते.

मग त्यांनी हात वर केला आणि सगळं थांबलं.

"पाह्यलं नं? आता हे पान बदलून द्या."

साहेब घाम पुसत म्हणाले, "सर, प्रती छापून झाल्या. गाड्या भरून बाहेर उभ्या आहेत. पुढच्या आवृत्तीत बघू."

पुढची आवृत्ती! पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाला पुढची आवृत्ती दाखवायची, यालाही एक निगरगट्टपणा लागतो.

सर संगीताकडे वळले. पोहरादेवीकडच्या बंजारा तांड्यावरून येऊन त्यांच्याच डब्यावर हात बसवलेली ही पोरगी. आज संगीत शिक्षिका होती आणि समितीवरही होती.

"तू काय करून राह्यली होती वं तिथं?"

संगीताचे डोळे भरले. "सर, मी म्हटलं होतं. दोनदा म्हटलं. ते म्हणाले, बाई, तुमच्या तांड्याची भाषा आणखीनच वेगळी, तुम्ही यात पडू नका."

म्हणजे हिला तर दुहेरी गप्प केलं होतं. तिच्यावरचा त्यांचा राग तिथेच उतरला, आणि बाकीच्यांवरचा तेवढाच वाढला.

"पेन दे," ते म्हणाले.

त्यांनी दुसरं पान काढलं. 'मूळ संकल्पना : श्री. जगदेव रामराव अवचार'. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव पुस्तकात छापून आलं होतं. आदल्या आठवड्यात बातमी घ्यायला आलेल्या पेपरवाल्या पोराला त्यांनी चारदा सांगितलं होतं, अवचार नीट लिही, औचार नको. त्या नावावर त्यांनी एक आडवी रेघ मारली, सावकाश, टोकापासून टोकापर्यंत, आणि पुस्तिका साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

"पुढच्या आवृत्तीत एवढंच करा. हे माहं नाई."

शाल शिपायाच्या हातातच राहिली. ते पायऱ्या उतरत होते तेव्हा आत माईकवरून सूचना चालली होती, प्रत्येकाने सही करून आपापल्या शाळेच्या पुस्तिका घेऊन जाव्यात, जेवण तयार आहे. ज्यांनी आत्ता झुलून टाळ्या वाजवल्या होत्या, ते सगळे निमूट रांगेत लागले. रांगेत त्यांचे जुने विद्यार्थी पंधरा-वीस तरी असतील. त्यांना शाळेत पुस्तिका दाखवावी लागणार, नोकऱ्या आहेत त्यांच्या, हे सरांना कळत होतं. पण कळलं तरी राग कमी झाला नाही. एकटी संगीता रांगेत नव्हती. ती पायऱ्यांवर उभी राहून म्हणाली, "सर, माह्या वर्गात तेच चालन. काहून जीच."

"साहेब तपासाले आला तं?"

"त्याईले टाळी वाजवाले लावीन."

सर हसले नाहीत, पण तिच्या डोक्यावर हात ठेवून एसटीला गेले.

आसेगावला पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले होते. सुनेने, वैष्णवीने, शेतात जाताना ताट झाकून ठेवलं होतं, भाकरी आणि बेसन. नवा सदरा त्यांनी खुंटीला लावला, हात धुतले आणि भिंतीला टेकून जेवायला बसले. घास तोंडात जाईना. नकळत चमचा हातात आला आणि ताटलीच्या काठावर पडला. एक लांब, एक गिळलेला, एक वजनदार.

हात म्हातारा झाला होता, पण ठोका अजून झुलत होता. ते वाजवत राहिले. भाकरी गार झाली, बेसनावर साय धरली. अंगणातल्या कोंबड्या दाराशी येऊन गेल्या. एवढा वेळ ते ताटली बडवत होते, आणि कोणी विचारलं नाही.